सुई खाली आली तेव्हा

गाडीतली इंजिनाच्या तापमानाची सुई लाल पट्ट्यात शिरली तेव्हा मी घाबरले, आणि दोनेक मिनिटांत ती आपसूक खाली उतरली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. घाबरले ते बरोबर होतं. जीव भांड्यात पडला ती चूक. हे कळलं तीन दिवसांनी, गॅरेजमध्ये, आणि तोवर इंजिन हातचं गेलेलं होतं.

रस्ता चढणीचा होता. मागे गाड्यांची रांग, कडेला थांबायला नीटशी जागा नाही, आणि पोचायची घाई. सुई चढली तेव्हा थांबावं असं मनात आलं होतं. पुढचं वळण गेल्यावर थांबू असं म्हणेपर्यंत ती खाली यायला लागली. गाडीला वारा लागला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तेव्हा हीटर लावून पाहिला असता तर त्यातून गार हवा आली असती आणि कदाचित डोक्यात प्रकाश पडला असता. इंजिनातलं पाणी संपलं की हीटरही गार पडतो, त्याला ऊब मिळते ती त्याच पाण्याची. पण हे शहाणपण नंतरचं. त्या दिवशी मी आणखी सहा-सात किलोमीटर गाडी हाकली. मग ओढ कमी झाली, पॅडल दाबलं तरी गाडी पुढे सरेना, खालून कुणी हातोडीने ठोकावं तसा आवाज आला आणि इंजिन बंद पडलं. बॉनेटखालून आलेला वास मी अजून विसरलेले नाही. तापलेलं रबर, जळकं ऑइल आणि कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, तो गोडसर दर्प.

सुई खाली का आली, हे मेकॅनिककाकांनी एका वाक्यात सांगितलं. "ताई, सेन्सर पाण्यात बुडालेला असतो, पाणीच गेलं तर तो मोजणार काय?" तापाचा माणूस तसाच फणफणलेला आहे आणि थर्मामीटर त्याच्या तोंडातून काढून हवेत धरलाय, तसं. ताप उतरला म्हणून मी निश्चिंत झाले होते.

आणि या सगळ्याच्या मुळाशी वीतभर लांबीचा एक रबरी होज होता. क्लिपेजवळ चिरलेला. कूलंटची यंत्रणा बंदिस्त असते आणि रेडिएटरच्या झाकणाच्या जोरावर आत साधारण एक बारचा, म्हणजे बाहेरच्या हवेइतका, जादा दाब धरून ठेवते. त्या दाबामुळे पाणी १०० अंशांना न उकळता १२०च्या आसपास उकळतं. होज चिरला की आधी दाब जातो, दाब गेला की तेच पाणी आहे त्या तापमानाला उकळू लागतं, आणि मग उरलेलं बाहेर पडायला फार वेळ लागत नाही. मी याआधी किती वेळा बॉनेट उघडून तो होज बोटांनी दाबून पाहिला होता? एकदाही नाही. गाडी मात्र दर आठवड्याला धुवायचे.

इंजिन म्हणजे उष्णता हाताळण्याची कसरत आहे, हे मला या निमित्ताने समजलं. निकोलाउस ऑटोने १८७६ मध्ये चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं, त्याला आता दीडशे वर्षं होत आली. तरी आजही पेट्रोल जाळून मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांशच कामी येते. तेवढीच सायलेन्सरवाटे जाते आणि तेवढीच पाण्यावाटे रेडिएटरमधून बाहेर टाकावी लागते. सिलिंडरच्या आत जळणारा वायू क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जातो. ज्या अॅल्युमिनियमचा पिस्टन असतो ते वितळतं ६६० अंशांना. गाडी ३००० आरपीएमवर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला ३००० फेऱ्यांवर, पळत असते तेव्हा हा पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर जाऊन खाली येतो. म्हणजे स्वतःच्या वितळण्याच्या तिप्पट तापमानाशी रोज हुज्जत घालत तो जगतो, आणि जगतो तो भोवतीच्या पाण्याच्या आणि अंगावरच्या ऑइलच्या भरवशावर. त्यातलं पाणी मी सहा-सात किलोमीटर काढून घेतलं.

गाडी टो करून आणली त्या संध्याकाळी फोन सुरू झाले. भाऊ म्हणाला, विकून टाक. एक मैत्रीण म्हणाली, अकरा वर्षं झाली, अजून किती ओढणार. ऑफिसातल्या एकाने सांगितलं की इंजिन एकदा खोललं की गाडी संपलीच समज. दुसऱ्याने सांगितलं की खोलून बांधलेलं इंजिन नव्यापेक्षा भारी चालतं. ज्यांचं इंजिन कधीच बसलं नव्हतं त्यांची मतं सगळ्यांत ठाम होती.

मला मात्र दुरुस्तीच करायची होती. अगदी पहिल्या रात्रीपासून. मी त्याला कारणंही शोधली होती. महिन्याभरापूर्वीच चार नवे टायर टाकले होते, बॅटरी नवी होती, क्लचचं काम गेल्या वर्षी झालं होतं. एवढं सगळं घातल्यावर आता गाडी सोडायची? हा हिशेब करताना माझ्या लक्षात येत होतं की याला आपल्याकडे बुडत्याचा पाय खोलात म्हणतात. टायरचे पैसे गेले ते गेले. टायर आहेत, हे खरं, आणि त्यांची किंमत धरायला हरकत नाही. पण ती टायरची किंमत झाली, मला झालेल्या हळहळीची नव्हे. हे सगळं कळत होतं आणि तरी हात कॅल्क्युलेटरवर तेच तेच आकडे दाबत होता.

काकांनी घाई केली नाही. त्यांचं पहिलं काम कम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये हवा किती दाबतो ते, बघायचं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरला मीटर लावला. पहिला आणि चौथा १२ बारच्या आसपास. दुसरा आणि तिसरा, दोघेही ५ च्या खाली. "शेजारी शेजारी दोन पडले म्हणजे मधलं गॅस्केट उडालं," ते म्हणाले. मला हायसं वाटलं. हेड म्हणजे सिलिंडरांवरचं इंजिनाचं झाकण, आणि गॅस्केट म्हणजे त्या सांध्यातली पातळ पट्टी. त्यासाठी हेड उतरवायचं, लेथवर घासून सपाट करायचं, नवं गॅस्केट घालून बसवायचं. कष्टाचं काम, पण इंजिनाचा खालचा अर्धा भाग तसाच राहतो. मग त्यांनी तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मीटर लावला आणि काटा थोडा वर चढला. काका गप्प झाले. ऑइल टाकल्यावर कम्प्रेशन वाढतं ते पिस्टनभोवतीची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यातली फट ऑइलने भरली म्हणून. म्हणजे तिथे नको तेवढी फट होती.

ऑइल मोजायची डिपस्टिक त्यांनी माझ्यासमोर धरली. ऑइल नव्हतंच ते. ओल्या मातीच्या रंगाचा फेस होता, ऑइलमध्ये पाणी मिसळल्याचा.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजही कुणालाही सल्ला म्हणून सांगते. "हेड उतरवायच्या आधी ठरवा, कुठे थांबायचं." त्यांचं म्हणणं असं की इंजिन एकदा उघडलं की माणूस पायरी पायरीने खाली उतरत जातो. हेड निघालं, आता एवढं केलंच आहे तर पिस्टन बघू. पिस्टन निघाले, आता क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो खालचा दांडा, तरी कशाला ठेवायचा. प्रत्येक पायरीवर पुढचा खर्च आधीच्या खर्चापुढे लहान दिसतो, आणि तळाशी पोचल्यावर बेरीज बघवत नाही. म्हणून रेघ आधी मारायची, डोकं थंड असताना. मी रेघ मारली. नुसतं हेड असेल तर करायचं. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, खराब असेल तर थांबून पुन्हा विचार. ब्लॉकला, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागाला, तडा असेल तर विषय संपला.

हेड उतरलं त्या दिवशी मी मुद्दाम गेले. काकांनी त्यावर पोलादी पट्टी उभी धरली आणि पट्टीखालून फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पात्या, सरकवला. केसाहून किंचित पातळ, म्हणजे ०.०५ मिलिमीटरची पाती जिथे जेमतेम जावी तिथे ०.२० ची आरामात आरपार गेली. हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. बोल्टांनी जखडलेलं असल्यामुळे त्याला फुलायला वाव मिळत नाही, मग ते मधोमध कमान टाकतं आणि गार झाल्यावरही पूर्ण सरळ होत नाही. तरी हे लेथवर निघण्यासारखं होतं. तिसऱ्या सिलिंडरची भिंत मात्र निघण्यासारखी नव्हती. काकांनी माझं बोट धरून आत फिरवायला सांगितलं. उभ्या चरांमध्ये माझं नख अडकलं.

पिस्टन आणि भिंत यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांशांची मोकळीक असते. पाणी गेल्यावर पिस्टन फुगला, ती मोकळीक संपली, ऑइलचा पापुद्रा पुसला गेला आणि धातूने धातू खरवडला. त्या सहा-सात किलोमीटरमध्ये. पुढच्या वळणानंतर थांबू म्हणाले होते ना मी, ते वळण माझ्या नखाला लागत होतं.

खाली क्रँक जिच्यात फिरतो ती एक बेअरिंग काढून पाहिली तर वरचा राखाडी थर उडून आतलं तांबूस दिसत होतं. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही. आता काम पूर्ण इंजिनाचं झालं. चारही सिलिंडर अर्ध्या मिलिमीटरने बोअर करायचे, त्या मापाचे मोठे पिस्टन आणि रिंगा आणायच्या, क्रँक घासायचा, त्या मापाच्या जाड बेअरिंग घालायच्या, हेडच्या व्हॉल्व्हच्या सीट करायच्या. खर्च हेडच्या कामाच्या तिपटीच्या पुढे. माझी रेघ ओलांडली गेली होती, आणि तरी मी म्हणाले, "करू या ना काका."

ते हात पुसत होते. "ताई, तुम्हाला गाडी चालवायचीय का हे इंजिन वाचवायचंय?"

मला राग आला. घरी जाताना रिक्षात बसून तो राग मी बराच वेळ सांभाळला. मग हळूहळू कळलं की राग नेमक्या जागी बोट ठेवल्याचा होता. मला ते इंजिन वाचवायचं होतं कारण मी ते मारलं होतं. अकरा वर्षं त्याने कधी दगा दिला नाही, एका दुपारी त्याने सुई लालपर्यंत नेऊन सांगितलं आणि मी ऐकलं नाही. आता पैसे ओतून मला त्याची भरपाई करायची होती. आणि ही भरपाई मी दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात लपवली होती, टायर आणि बॅटरीच्या आड.

एकदा हे ओळखल्यावर हिशेब निराळा दिसू लागला. लोक सहसा दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून बघतात आणि खर्च अर्ध्याच्या वर गेला की नको म्हणतात. मला ते पटत नाही. बाजारभाव मला तेव्हाच उपयोगी, जेव्हा मी विकायला निघेन. मला विचारायला हवं होतं ते हे की तेवढ्याच पैशांत बिनघोर प्रवासाची किती वर्षं मिळतील, आणि कोणत्या वाटेने. त्यासाठी आधी इंजिन सोडून उरलेली गाडी बघायला हवी. काकांनी ती रॅम्पवर चढवली. खालच्या पत्र्याला गंज नाही, चेसिस सरळ, गिअरबॉक्स गप्प, सस्पेन्शनमध्ये दोन बुश सोडून काही नाही. गंजक्या गाडीत नवं इंजिन बसवण्यात अर्थ नसतो. ही तशी नव्हती. त्यामुळे गाडी विकण्याचा पर्याय मी बाजूला ठेवला. बंद गाडीला मिळाली असती ती जवळजवळ भंगाराची किंमत, आणि बदल्यात घेतलेल्या दुसऱ्या जुन्या गाडीचं इंजिन कुणी कसं वापरलंय हे मला कोण सांगणार होतं?

तेच वापरलेल्या इंजिनाबद्दलही म्हणता येतं, आणि मी म्हटलं. स्वतःच्या इंजिनाचा आजार मला शेवटच्या चरापर्यंत माहीत होता. दुसऱ्याच्या इंजिनाचा काहीच माहीत नव्हता. माहीत असलेला आजार बरा की माहीत नसलेली तब्येत? यावर मी दोन रात्री घालवल्या. कारखान्यात पूर्ण उघडून, मापात आणून, हमीसह मिळणारं इंजिन असतं तर प्रश्नच नव्हता, पण माझ्या मॉडेलचं तसं मिळेना.

त्या दोन रात्रींत मला अर्व गॉर्डन भेटला, म्हणजे वाचनात. अमेरिकेतला विज्ञानाचा शिक्षक. १९६६ मध्ये त्याने लाल रंगाची व्होल्व्हो पी१८०० घेतली आणि ती चालवत राहिला. २०१३ मध्ये त्या एकाच गाडीवर ३० लाख मैल पूर्ण झाले, म्हणजे ४८ लाख किलोमीटरच्या वर. गिनीज बुकात नोंद आहे. आणि इंजिन मूळचंच, मध्ये उघडून पुन्हा बांधलेलं. पहिल्यांदा उघडलं ते ६,८०,००० मैलांनंतर. माझ्या दुरुस्तीच्या बाजूने याहून मोठा साक्षीदार कुठला? आनंदाने मी काकांना फोन करून हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "त्यांचं झिजलं होतं, ताई. तुमचं भाजलंय."

हा फरक मी कुठे वाचला नव्हता. झिजलेलं इंजिन मापात आणता येतं, कारण झीज मोजता येते. भाजलेल्या ब्लॉकमध्ये कुठे ताण राहिलाय, व्हॉल्व्हच्या सीटखाली कुठे सूक्ष्म चीर सुरू झालीय, हे माप सांगत नाही. सांगतं ते पुढच्या उन्हाळ्यातलं एखादं चढण. शिवाय बांधणीचं यश अनेक हातांत वाटलेलं असतं. "माझ्या हाताची खात्री देतो, लेथची नाही देणार," असं काका म्हणाले, आणि त्यांनी स्वतःचं मोठं काम स्वतःहून घालवलं. माझ्या निर्णयात या एका वाक्याचा वाटा सगळ्यांत मोठा आहे.

वापरलेलं इंजिन शोधताना मी एकच प्रश्न धरून ठेवला. हे गाडीतून बाहेर का आलं? चांगलं चालणारं इंजिन कुणी उगाच काढत नाही. दोन ठिकाणी उत्तर मिळालं नाही, आम्ही निघून आलो. तिसरं होतं मागून धडक बसलेल्या गाडीचं. गाडीचा मागचा अर्धा भाग चुरगळलेला, पुढचा शाबूत. काकांनी ऑइलचं झाकण उलटं करून पाहिलं, फेस नाही. प्लगच्या भोकातून कॅमेऱ्याची नळी सोडून भिंती पाहिल्या, होनिंगच्या, म्हणजे भिंती घासून गुळगुळीत करताना मुद्दाम ठेवलेल्या, तिरक्या रेघांची जाळी अजून दिसत होती. ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पसरला आणि धातूचा चमकणारा कण आहे का ते पाहिलं, नव्हता. चारही सिलिंडरचं कम्प्रेशन एकमेकांच्या जवळ. एकूण आकड्यापेक्षा चौघांचं आपसात जुळणं महत्त्वाचं, असं ते म्हणाले. कुटुंबालाही हे लागू पडतं असं वाटून मी हसले, ते हसले नाहीत.

गाडीत चढवण्याआधी त्याचा टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि सगळे सील बदलले. इंजिन बाहेर असताना हे तासाभराचं काम, आत गेल्यावर दिवसाचं. रेडिएटर खोलून धुतला, थर्मोस्टॅट नवा, झाकण नवं, आणि एकूण एक होज नवा. यावर मी अडून बसले होते. पहिलं इंजिन ज्याने गेलं ते तसंच ठेवून दुसरं बसवायचं म्हणजे त्यालाही त्याच वाटेने पाठवायचं. कागदपत्रांवर इंजिनाचा नंबर बदलून घ्यायचं कामही झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, रांगेत उभं राहावं लागलं इतकंच.

जुनं इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात टायरवर ठेवलेलं होतं. हेड वेगळं, चारही भोकं उघडी. क्रँक वगैरे कामाचं काही निघालं तर काका काढून घेणार होते, बाकीचं वितळायला जाणार होतं. मी जवळ गेले, पण करण्यासारखं काही नव्हतं. तिसऱ्या भोकावर कुणीतरी चिंधी टाकून ठेवली होती.

नवं, म्हणजे दुसऱ्याचं, इंजिन चालू झालं तेव्हा आवाज जवळजवळ तोच होता. सकाळच्या गारव्यात मात्र ते थोडं उशिरा शांत होतं. जुनं लगेच व्हायचं. ही गोष्ट मला सोडून कुणाच्या लक्षात येणार नाही.

पंधरा दिवसांनी मी त्याच चढणीवर गेले. डोळे रस्त्यावर कमी आणि सुईवर जास्त. सुई मध्यावर होती आणि हलत नव्हती. आता यातही एक गंमत मला काकांनीच सांगून ठेवली होती. पुष्कळ गाड्यांमध्ये ती मुद्दाम अशी बसवलेली असते की तापमान बऱ्याच अंशांनी वर-खाली झालं तरी ती मध्यावरच दिसावी, नाहीतर लोक उगाच काळजी करत गॅरेज गाठतात. म्हणजे तिचं मध्यावर असणं हे धड आश्वासनही नव्हे. त्या वळणाच्या अलीकडे कडेला जेमतेम एका गाडीची जागा होती. तेव्हाही ती तिथेच असणार. मी गाडी तिथे घेतली, इंजिन बंद केलं आणि बॉनेट उघडलं. झाकणाला हात लावला नाही. कूलंटच्या बाटलीत पाणी दोन खुणांच्या मध्ये होतं. क्लिपेजवळचा होज पाहिला, कोरडा होता.

शेजारून जाणाऱ्या एकाने वेग कमी करून काच खाली केली. "काही मदत हवीय का, ताई? बंद पडली का?"

"नाही," मी म्हटलं. "चालू आहे."